पहिल्या बॅचमधला साठावा

अन्याय झाला की मी आधी नांदेडला पप्पांना फोन लावायचो. बारावीला लातूरला क्लास लावला होता, तेव्हाची ही सवय. तिथं रविवारी टेस्ट, सोमवारी मार्कांप्रमाणे बॅच. पहिल्या बॅचला साठ खुर्च्या, आणि थोरले सर फक्त तिलाच शिकवायचे.

एका टेस्टमध्ये फिजिक्सचा एक प्रश्नच चुकीचा छापला होता. ज्यांनी कुठला तरी गोल काळा केला, त्यांना सरसकट चार मार्क मिळाले. मी पडलो विद्वान. प्रश्न चूक आहे हे ओळखून कोरा सोडला होता. आलो एकसष्टावा. साठावा माझाच रूम पार्टनर, चाकूरचा.

"तुला येत होतं का रे ते?"

"न्हाई बा. डोळे झाकून 'क' केलं!"

माझ्या अंगाची लाही झाली. पप्पा शिक्षक, थोरल्या सरांचे जुने सहकारी. त्यांनी एक फोन केला. संध्याकाळी बोर्डावर नवी यादी लागली : मी साठावा, तो बाहेर. एकसष्टावी खुर्ची मागावी, एवढी अक्कल मला आज सुचते.

तो बराच वेळ बोर्डासमोर उभा होता.

"कसं काय झालं बे हे?"

"पेपर परत तपासले म्हणे."

"मग बरोबर हाय. फुकटचेच व्हते ते चार मार्क," तो म्हणाला. "पण रोज वही देशील ना सरांची?"

दिली. आयुष्यात पहिल्यांदा सुवाच्य अक्षरात लिहून दिली. लाज वाटण्याची माझी ही एक पद्धत.

पुढच्या टेस्टमध्ये तो बाविसावा आला, मी चौऱ्याहत्तरावा. ह्या वेळी सगळे प्रश्न बरोबर छापले होते. पप्पांनी विचारलं, "बोलू का सरांशी?" मी नको म्हणालो. त्यांना वाटलं, पोरगा सुधारला. कोणत्या तोंडानं हो म्हणणार होतो?

त्या दिवशी जेवून आल्यावर त्यानं स्वतःची वही माझ्या पुढ्यात टाकली. "घे लेका. लिहून काढ. पुढच्या रविवारी ये वर, तुझ्याबिगर मजा न्हाई."

खरं सांगून टाकायचं ठरवलं. घसा साफ केला, तोंड उघडलं आणि विचारलं, "हा आठ आहे की तीन?"

"तीन," तो म्हणाला.

मी तीन लिहिला.