चेहरा जुळला

जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत माझी अंगणवाडी. एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी पोरं तोलली, बायांची भांडणं सोडवली, दारू पिऊन दारात आलेल्यांना झाडू घेऊन हाकललं. कोणाच्या बापाला भ्याले नाही. आता मात्र हातातल्या मोबाइलला भिते, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही.

ती आली तेव्हा कडेवर सव्वा वर्षाची पोरगी होती. दारातूनच म्हणाली, "ताई, पोरीची आहाराची पाकिटं भेटतात का इथं? पण माझं नाव कुठंच टाकू नका." कन्हानहून पळून आली होती. नवरा मारायचा. तिला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, ते कशानं झालं हे मी विचारलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे मावशीकडे राहायची आणि पापड लाटायला जायची.

पहिल्या महिन्यात मी उरलेली पाकिटं तशीच दिली, नोंद न करता. दुसऱ्या महिन्यात सुपरवायझर मॅडमनी डोळे वटारले. पाकीट द्यायचं तर आईनं मोबाइलला चेहरा दाखवायचा, डोळे मिचकावायचे, मग हिरवी खूण येते. चेहरा नाही तर पाकीट नाही. हे सांगितल्यावर ती पदर तोंडावर ओढून मागं सरकली.

"काहून भिऊन राहिली वं एवढी?" मी खेकसले. "फोटोच तर आहे. मोबाइल तुले खाऊन टाकते का?"

"त्याले समजलं तर, ताई?"

"कसं समजन? सरकारी मोबाइल आहे, त्याच्या बापाचा नाही."

हे माझं बोलणं. शब्द न् शब्द आठवतो.

संमतीच्या चौकोनात खूण मीच केली. सगळ्यांची मीच करते. रांगेत पोरं रडत असतात, कोण वाचत बसतं! तिनं डोळे मिचकावले आणि चेहरा जुळला. मग पडद्यावर आलं, की या बाईची नोंद कन्हानच्या केंद्रात आहे, इकडे बदली करायची का. मी 'हो' दाबलं. पाकिटं मिळाली, ती पहिल्यांदा हसली, मीही खूश. गाढव कुठली!

बदली झाली की नोंदीतल्या नंबरावर मेसेज जातो. नंबर नवऱ्याचा. असणारच. आम्ही सगळ्या सेविका तसंच करतो. बाईचा रिचार्ज संपतो, नंबर बदलत राहतो, म्हणून गरोदरपणातच सांगतो, "नवऱ्याचा नंबर दे, तो पक्का असते." नव्या सेविकांना ही युक्ती मीच शिकवत आले.

चौथ्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले. मोबाइल पुढं केला. मेसेजमध्ये माझ्या केंद्राचं नाव होतं. "ताई, माही पोरगी इथंच जेवून राहिली म्हणते. भेटवून द्या ना." मी म्हटलं, अशी कोणी येत नाही. तो भांडला नाही. समोरच्या पानठेल्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आपल्या आईलाही घेऊन आला. मी मदतनीस बाईला मागच्या गल्लीनं मावशीकडे पिटाळलं. संध्याकाळपर्यंत मायलेकी निघून गेल्या होत्या. कुठं, ते तिनं मावशीलाही सांगितलं नाही. मला शिव्या दिल्या असतील. द्यायलाच पाहिजेत.

नोंदीतला नंबर बदलायला गेले, तर ओटीपी जुन्याच नंबरावर जातो म्हणे. मग शहरात, सदरला, एका ओळखीच्या वकिलाकडे गेले.

"लोकांची माहिती जपायचा कायदा आहे ना ताई," ते म्हणाले. "पण सरकार लाभ देऊन राहिलं असन, तर संमती लागतेच असं नाही."

"मग मी रोज खूण कशाची करते?"

ते हसून पुढची फाइल उघडायला लागले.

"बरं, तिचा चेहरा काढून टाकता येते का?"

"अर्ज करावा लागन. तिनं स्वतः. नाव, पत्ता, सही."

"पत्ता?"

"पत्ता तर लागनच."

"धन्य आहे तुमच्या कायद्याची," म्हणून मी उठले. वकिलांचा काही दोष नव्हता, तरी त्यांच्यावरच भडकले.

दर महिन्याला ती माझ्या यादीत येते. फोटोत एक डोळा अर्धवट मिटलेला, आणि खाली लाल अक्षरात 'चेहरा बाकी'. नाव काढायचं तर कारण द्यावं लागतं. कारणं दोनच, स्थलांतर आणि मृत्यू. स्थलांतर टाकलं, तर ती जिथं चेहरा दाखवेल तिथून पुन्हा त्याच नंबरावर मेसेज. काहीच नाही केलं तरी तेच. मृत्यूचा मेसेज कोणाला जात नाही, हे मी चौकशी करून ठेवलं होतं.

काल सकाळी पोरांची खिचडी शिजत होती, तेव्हा मी दोघींच्या नावापुढं मृत्यू दाबलं. मोबाइलनं विचारलं, खात्री आहे का. मी 'हो' म्हटलं.

आता कुठल्या तरी गावात ती पोरीला घेऊन रांगेत उभी राहील, डोळे मिचकावेल, आणि तिथली सेविका म्हणेल, बाई, तुम्ही दोघी तर मेलेल्या आहात. पोरीला पाकीट मिळणार नाही. हे माहीत असूनच मी दाबलं.