एस्नार्टने पंप बदलला तो शनिवार

एस्नार्ट न्खोमाने एकोणीस वर्षं खिडकीत काढली. पेटौके गावातल्या कापूस कंपनीच्या डेपोत गाड्यांचे सुटे भाग ठेवायची एक खोली होती, आणि त्या खोलीला एक जाळीची खिडकी. मेकॅनिक येऊन तुटकी वस्तू खिडकीत ठेवायचे, एस्नार्ट ती उलटसुलट करून बघायची आणि न बोलता मागच्या फळीवरून नेमकी तशीच नवी काढून द्यायची. चौदाचा बोल्ट आणि सोळाचा बोल्ट तिला हातात घेऊन कळे, मोजावा लागत नसे. पण या एकोणीस वर्षांत तिने स्वतः एकही बोल्ट कशात बसवला नव्हता. ते काम पलीकडच्या शेडमधल्यांचं.

शेडचे मुख्य होते जेरे, सगळे त्यांना मानाने बा जेरे म्हणत. उंच, खांद्यात वाकलेले, आवाज खर्जातला. त्यांचं आणि एस्नार्टचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. त्यांनी मागवलेली वस्तू चुकीची आहे असं ती सांगायची, मीच बरोबर असं ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा शेवटी तिने दिलेलीच वस्तू गाडीत जायची. या भांडणांतूनच दोघांना एकमेकांबद्दल आदर वाटायला लागला होता, पण तो कुणी बोलून दाखवला नव्हता.

डेपो बंद झाला तेव्हा कंपनीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला. एस्नार्टने एक पिकअप घेतली. नवरा दूर लुआंग्वा नदीच्या बाजूला शाळामास्तर, महिन्याअखेरीस घरी येणारा. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. ती खेड्यांतून कोंबड्या, मका, भोपळे आणून बाजारात पोचवायला लागली आणि तिचं बरं चाललं. बा जेरेंचं मात्र वाईट झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेले, आणि तीन वर्षांत त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. त्यांची बायको, नेली, हात धरून त्यांना अंगणात बसवायची, संध्याकाळी आत न्यायची.

काटेटे गावाकडच्या मिशनच्या हॉस्पिटलात वर्षातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर येत. यंदा ते ऑक्टोबरातल्या एका सोमवारी येणार होते. यादीत बा जेरेंचं नाव होतं. शेजारच्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांचंही होतं, त्यातल्या एकीला बसची पायरी चढता येत नव्हती. रविवारी सगळ्यांना पिकअपमधून नेईन, असा शब्द एस्नार्टने दिला होता.

त्याआधीच्या शुक्रवारी मिंगा गावाहून परतताना चढावर गाडीच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. तिने लगेच कडेला गाडी घेतली, इंजिन निवू दिलं आणि बॉनेट उघडलं. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाखालून हिरवं पाणी ठिबकत होतं. तिने पंपाच्या दांड्यावर बसलेला पंखा धरून हलवला, तर तो खिळखिळ्या दातासारखा हलला. आणखी काही बघायची गरज नव्हती. थांबत थांबत, दर दोन-तीन किलोमीटरला पाणी घालत ती घरी आली. गॅरेजवाल्याने आधीच सांगून टाकलं की मंगळवारच्या आत हात लावता येणार नाही, त्याच्याकडे चार गाड्या उभ्या होत्या.

ती बा जेरेंकडे गेली. पंप गेल्याचं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग काय, पुढच्या वर्षी." नेलीने मान खाली घातली.

"पुढच्या वर्षी कशाला? उद्या मी पंप बदलणार आहे," एस्नार्ट म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा. माहिती तुमची, हात माझे."

"आधी कधी बदललायस?"

"नाही. पण पंप शेकड्यांनी हातातून गेलेत माझ्या."

बा जेरेंनी सकाळी किती वाजता यायचं ते विचारलं.

त्याच संध्याकाळी बाजारातल्या दुकानदाराने तिच्यापुढे एक पंप ठेवला आणि हाच बसतो, सगळ्यांना हाच देतो म्हणाला. तिने तो उचलला, दांड्यावरून बोट फिरवलं आणि परत ठेवला. दांडा दोन बोटं आखूड होता. पंखा पार मागे पट्ट्याला घासला असता. दुकानदार वाद घालायला लागला. तिने वाद घातला नाही, नुसती उभी राहिली. शेवटी तो मागे गेला आणि धुळीने भरलेल्या खोक्यातून बरोबरचा पंप काढून आणला.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत एस्नार्टच्या अंगणात काम सुरू झालं. नेलीने आणलेले बा जेरे गाडीच्या पुढ्यात स्टुलावर बसले होते, डोक्यावर जुनी हॅट, गुडघ्यांवर हात. आधी त्यांनी तिला बॅटरीची तार काढायला लावली. मग तिने रेडिएटरखाली परात सरकवून पाणी सोडलं आणि पंपाला येणारी खालची नळी क्लिप सोडून काढली. ती पट्टा सैल करायला गेली, तोच त्यांनी पान्याच्या आवाजावरूनच तिला अडवलं.

"पट्टा नंतर. आधी पंख्याचे नट. पट्टा ताणलेला असला की पुली धरून राहते, नाहीतर नट सोडशील आणि पंखाच फिरत बसेल."

हे खिडकीत बसून कळण्यासारखं नव्हतं. तिने मान डोलावली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून तोंडाने "बरं" म्हणाली.

पंपाचे बोल्ट निघायला लागले तेव्हा मात्र तिचं स्वतःचं डोकं चाललं. बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नव्हते. तिने एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून त्यात खोचला. बा जेरेंनी विचारलं, हे काय चाललंय. तिने पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एकेका बोल्टच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"शेडमध्ये आम्ही सगळे एका डब्यात टाकायचो," ते म्हणाले. "आणि मग शिव्या देत बसायचो."

शेवटचा बोल्ट अडला. तिने जोर लावला तशी करकर झाली. बा जेरेंचा हात वर गेला. थांब, असाच पिळलास तर तुटून आत राहील. आधी केसभर आवळ, मग सोड, परत आवळ. तिने तसं केलं. डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले, नेलीने आतून उकळतं पाणी आणून ओतलं. अर्धा तास गेला, एस्नार्टच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि मग बोल्ट एकदम ढिला पडून तिच्या तळहातात आला.

पंप आणि इंजिनाच्या जोडात चिकटलेल्या जुन्या गॅस्केटचा थर खरवडायला त्याहून जास्त वेळ लागला. तिला वाटलं झालं, म्हणून तिने बा जेरेंना उठवून त्यांची बोटं त्या जागी टेकवली. "इथे आहे अजून," ते म्हणाले. तिने पुन्हा खरवडलं. "खालच्या कोपऱ्यात." पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्या कडेवरून बोट नेलं आणि मान डोलावून स्टुलावर जाऊन बसले.

गॅस्केटला पेस्ट लावण्यावरून मात्र जुनं भांडण उभं राहिलं. बा जेरेंना जाड थर हवा होता. तिला पातळ. जाड थर आत पिळून पाण्याच्या वाटेत जातो, असे तुंबलेले रेडिएटर तुमच्याच शेडमधून खिडकीत यायचे, असं तिने सुनावलं. ते कुरकुरले, पण हात तिचे होते. तिने पातळ लावली, बोल्ट हाताने घातले, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळत नेले, आणि पंखा, पट्टा, नळी परत बसवली.

दुपारी मक्याच्या पिठाची घट्ट न्सीमा आणि शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याची पानं खाऊन तिने पाणी भरलं. नळ्यांत अडकलेली हवा निघावी म्हणून हीटर पुरा उघडला आणि इंजिन चालू केलं. ऑक्टोबरच्या उन्हात हीटर लावून ती गाडीत बसली, तेव्हा नेलीला हसू आवरेना. काटा मध्यावर येऊन थांबला. एस्नार्ट खाली उतरली, वाकून बघितलं, तर जमिनीवर थेंब पडत होते.

"सांगत होतो," बा जेरे म्हणाले. "पातळ लावलीस. काढ सगळं."

एस्नार्टने इंजिन बंद केलं, पण काही काढलं नाही. ते जरा निवू दिलं आणि बा जेरेंचा हात धरून पंपाच्या जोडावर ठेवला. कोरडा. मग तोच हात खालच्या नळीवर नेला. तिथे बोटं ओली झाली.

बा जेरेंनी क्लिप चाचपली. "ही कुणी आवळली?"

"मीच. अर्धवट."

"पेस्टचं जाऊ दे मग," ते म्हणाले. तिने क्लिप आवळली. त्यानंतर तासभर इंजिन चाललं आणि जमीन कोरडी राहिली.

रविवारी पहाटे उजाडताच निघाले. मागे गादी टाकून दोघी म्हाताऱ्या आणि नेली, पुढे बा जेरे. पहिल्या चढापासून ते दर थोड्या वेळाने काटा कुठे आहे ते विचारत राहिले. सहाव्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "हलला तर मी सांगेन. नाही सांगितलं म्हणजे हलला नाही." त्यानंतर ते झोपी गेले. काटा काटेटेपर्यंत जागचा हलला नाही.

सोमवारी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मंगळवारी सकाळी नर्सने पट्टी काढली. बा जेरेंनी आधी स्वतःचे हात बघितले, मग नेलीकडे बराच वेळ बघत राहिले. तिने विचारलं, "म्हातारी झाले ना मी?" तेव्हा ते म्हणाले की आरसा अजून कुणी दिला नाही, म्हणून तुलना करता येत नाही.

परतताना ते खिडकीशी बसले. रस्त्याच्या कडेची प्रत्येक पाटी त्यांनी मोठ्याने वाचली. शाळेची, चर्चची, सिमेंटच्या दुकानाची, केस विंचरून देणाऱ्या बाईची, किलोमीटरचे दगडसुद्धा. मागून म्हाताऱ्यांनी काच ठोकून विचारलं, हे काय चाललंय. एस्नार्टने त्यांना हाताने खुणावलं, बोलू द्या, आणि पुढची पाटी नीट वाचता यावी म्हणून गाडी थोडी हळू केली.