मुरलीधरच्या फिनिश भिंगऱ्या

आमच्या शारजातल्या इमारतीत मुरलीधर दाबके हा एकच गृहस्थ असा, की जो घरी पीठ मळतो आणि त्याबद्दल कोणालाही स्पष्टीकरण देत नाही. २००९ च्या मार्चपर्यंत तो दुबईच्या जबल अली बंदरात एका गोदामाचा मॅनेजर होता. मंदी आली, माल यायचा कमी झाला आणि कंपनीने त्याला पत्र दिलं. त्याची बायको वासंतीवहिनी शाळेत शिक्षिका. त्यामुळे मुरलीधरचा व्हिसा त्यांच्या नावावर झाला आणि मुरलीधर स्वयंपाकघरात गेला. तिथेही त्याने गोदामाचीच शिस्त लावली: जुना माल आधी संपवायचा. तेव्हापासून त्या घरात आज आणलेली भाजी आज खाल्ल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्याच वर्षी मुलगा नीरव बारावी झाला. ऑस्ट्रेलियाचं ठरलं होतं, ते रद्द झालं. फिनलंडच्या विद्यापीठात तेव्हा फी नव्हती, म्हणून तो फिनलंडला गेला. तिथल्या थंडीची चौकशी घरच्यांनी नंतर केली. तो शिकला, नोकरीला लागला आणि आइनो नावाच्या तिथल्या मुलीशी त्याने लग्न केलं.

नाताळला दोघं नेहमी आइनोच्या आजीकडे जात. २०१५ च्या शरदात आजी वारली. यंदा त्या घरी नको, असं आइनो म्हणाली आणि डिसेंबरात दोघं शारजाला आले.

एक दिवस लिफ्टमध्ये मुरलीधर भेटला. हातात मैद्याची पिशवी.

"पोरगी जेवते, थँक यू म्हणते आणि खोलीत जाऊन बसते," तो म्हणाला. "तिची आजी नाताळला एक पेस्ट्री करायची. चौकोनी पारी, चारही कोपऱ्यांना चीर, एकाआड एक टोक मध्ये दुमडायचं. आपली कागदाची भिंगरी असते ना, तशी. मध्ये सुक्या प्लमचा जॅम. लग्नानंतर आइनोने रेसिपी ईमेल केली होती. ती करतोय."

"जमेल?"

"जमायलाच पाहिजे. इथे सण झाल्यासारखा वाटला तर पुढच्या वर्षी येतील. नाहीतर आहेच आपलं, आम्ही दोघं आणि स्काइप."

चोवीस तारखेला दुपारी मला आणि माझ्या बायकोला, मृणालिनीला, बोलावणं आलं. रेसिपीत दह्यासारखा एक फिनिश पदार्थ होता, त्याच्या जागी मुरलीधरने चक्का घातला होता. चिरोट्यांचा हात असल्यामुळे पदर छान सुटले होते. भिंगऱ्या दिसायलाही भिंगऱ्याच होत्या. त्याने देवाला नैवेद्य दाखवला, मग बशा फिरवल्या.

मी एक घास घेतला आणि माझा जबडा मिटला तो उघडेना. इतकं आंबट मी आयुष्यात खाल्लं नव्हतं.

"छान झालंय," मी म्हणालो.

"वेगळंच आहे काहीतरी," मृणालिनी म्हणाली.

"नाइस, बाबा," नीरव पाणी पीत म्हणाला.

आइनोने घास शांतपणे गिळला. "नो," ती म्हणाली. "धिस इज नॉट करेक्ट."

मुरलीधरला असं तोंडावर कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. कंपनीने काढलं तेव्हा त्या काढण्यालासुद्धा 'पुनर्रचना' म्हटलं होतं.

आइनो स्वयंपाकघरात गेली आणि एक पाकीट घेऊन आली. खालच्या तय्यबच्या दुकानातला आलुबुखारा, बिर्याणीत घालतात तो.

"मी सुका प्लम मागितला," मुरलीधर म्हणाला. "तय्यब म्हणाला, साहब, यही है. प्लमच आहे तो."

"पण तुम्ही चव नाही बघितली?" आइनोने इंग्रजीत विचारलं.

"नैवेद्याआधी कशी बघणार?"

नीरवने तिला समजावलं: सणाचा पदार्थ आधी देवाला, तोवर करणाऱ्याने चाखायचा नाही.

"मग बरोबर झालाय हे कळतं कोणाला?"

"देवाला," मुरलीधर म्हणाला.

"त्याला कळलं होतं," वासंतीवहिनी म्हणाल्या. "बोलला नाही."

आइनो हसली. आल्यापासून पहिल्यांदा, असं वहिनींनी मला मागाहून सांगितलं. मग तिने वहिनींचा एप्रन बांधला आणि नवऱ्याला व सासऱ्याला गोड प्लम आणायला दुबईला पिटाळलं. परतीच्या ट्रॅफिकमधून ते आले तेव्हा अंधार पडला होता. तोवर सासूसुनेने उरलेलं पीठ लाटून ठेवलं होतं. बोलत कमी होत्या, पण एकाच पोळपाटावर होत्या.

नवा जॅम शिजला. आइनोने त्यात चमचा घातला आणि थेट तोंडात.

"अगं!" वहिनी ओरडल्या.

मुरलीधरने क्षणभर विचार केला. "सण तिचा आहे," तो म्हणाला. "तिने चाखलं तर चालतं."

"कोणी सांगितलं?"

"आत्ता मी सांगितलं. खलास."

दुसऱ्या खेपेच्या भिंगऱ्या रीतसर नैवेद्य होऊन बशीत आल्या. आइनोने एक खाल्ली. मग आणखी एक. मुरलीधर ओव्हनपाशी उभा होता.

"नाऊ करेक्ट," आइनो म्हणाली. "पण बाबा, तुम्हाला चाखता येत नाही. म्हणजे दर डिसेंबरला मलाच यावं लागणार."

"आय हॅव टु चेक माय लीव्ह," नीरव म्हणाला.

"यू चेक," आइनो म्हणाली आणि तिसरी भिंगरी उचलली. मुरलीधर लगेच वहिनींना विचारू लागला, पुढच्या वर्षी चक्क्यासाठी दही किती टांगायचं.