दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर

दौलत घाडी आठवडाभर चाळी पाडायचा आणि रविवारी लालबागच्या आपल्या खोलीत त्याच चाळी बांधायचा. लेक जुई मोठी झाली तेव्हा तिच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचा डबा त्याने घेतला, तो काही परत दिला नाही. कामावर भिंती फोडायचा ब्रेकर चालू करण्याआधी तो खोल्या पावलांनी मोजायचा. मग चौकटीच्या वहीत एका चौकटीला एक वीट असा नकाशा काढायचा. जिने, मोऱ्या, गॅलरीचे कठडे, सगळं. विटांत कौलांचा उतार जमेना, त्यावर तो महिना महिना डोकं खपवायचा.

नायगावची ती तीन मजली चाळ जानेवारीत रिकामी झाली. फक्त दुसऱ्या मजल्यावरचा रमाकांत तांबे हलला नव्हता. नव्या खोलीच्या कागदावर आपलं नाव येईपर्यंत जाणार नाही, असं त्याचं म्हणणं. एके दिवशी तो बाहेर गेलाय असं सांगून मुकादमाने दौलतला शेजारची भिंत पाडायला लावली. भिंत कोसळली ती थेट रमाकांतच्या स्वयंपाकघरात. फळी, डबे, पाण्याचं पिंप खाली आलं, आणि धुळीतून रमाकांतच सळई घेऊन धावून आला.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा, ब्रेकर धरलेल्या उजव्या हातावर. दोन बोटं जागच्या जागी चेचली. तिसऱ्या फटक्याआधी दौलतने डाव्या हाताने वीट उचलून त्याच्या तोंडावर हाणली. रमाकांत पडला, सळई सुटली. दौलत थांबला नाही. छातीवर गुडघा रोवून तो मारतच राहिला. तिघा मजुरांनी ओढलं तेव्हा कुठे हातातली वीट सुटली.

दौलतची दोन बोटं गेली, रमाकांतचा डावा डोळा. दौलतने फक्त स्वतःला वाचवलं, असाच जबाब मुकादमाने त्याला आणि मजुरांना द्यायला लावला. गुन्हा एकट्या रमाकांतवर नोंदला गेला.

घरी बसल्या बसल्या दौलत डाव्या हाताने तीच चाळ रचू लागला, न मोजलेली रमाकांतची खोली तेवढी अंदाजाने. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराशी आला की लावलेल्या विटा काढून टाकायचा. एकदा त्याने अख्खी चाळ भिंतीवर फेकली. पुन्हा रचली, पुन्हा फेकली. तिसऱ्यांदा एक तुकडा उडून जुईच्या भुवईला लागला, रक्त आलं. ती रडली नाही.

त्याच आठवड्यात रमाकांतची बायको रखमा आली. दौलतच्या बायकोने, बेबीने, तिला दारातच अडवलं. तिथूनच रखमाला ती अर्धवट चाळ दिसली. ती भांडली नाही. नवऱ्याने सळई मारली हे तिला मान्य होतं.

"पण ते पडल्यावर काय झालं, ते तुम्ही सांगितलं नाही," एवढंच ती दौलतला म्हणाली आणि गेली.

दौलतने चपला घातल्या.

"गप रवा," बेबी म्हणाली. "तुमका कोणी इचारूक नाय."

"म्हणूनच जातो."

रमाकांत पडला होता, त्याच्या हातात काही नव्हतं, तरी मी मारलं, असं त्याने पोलीस ठाण्यात सांगितलं. त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला. काम गेलं. बेबी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

आता दोघांनाही तारखा पडतात. कोर्टाबाहेरच्या बाकावर ते दोन टोकांना बसतात. मागच्या तारखेला रमाकांतने पहिल्यांदा तोंड उघडलं. आमची चाळ बनवताय असं रखमा सांगत होती, म्हणाला. दौलतने मान हलवली.

"स्वयंपाकघराची खिडकी कुठे काढलीत?"

"गल्लीकडे."

"गल्लीकडे नव्हती. मागे होती, नळाकडे."

दौलतने पिशवीतून वही काढली आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी, खिडकी खोडून मागे काढली.