वेशीवरचे बूट

आमच्या पूर्व वेशीवर लाकडी पेट्यांत बुटांचे सात जोड टांगलेले आहेत. तालुक्याचा अधिकारी बदली होऊन निघाला, की रयतेने त्याला वेशीत अडवायचं, रडायचं आणि आठवण म्हणून त्याचे बूट काढून घ्यायचे, ही इकडची रीत. त्यातले सहा जोड निव्वळ थोतांड. त्या सहाही महाभागांनी रडणारी माणसं आदल्या दिवशी दारू-मटण चारून ठरवली होती. मी चिउ, या वेशीचा पहारेकरी. चार वेळा मीही रडलोय, आणि चांगला रडलोय.

सातवा जोड श्वे झियान साहेबांचा.

हा माणूस दोनदा नापास होऊन एक्केचाळिसाव्या वर्षी राजधानी कायफेंगची सरकारी परीक्षा पास झालेला. विद्वान एवढा, की कोंबडीचोरालाही शिक्षेआधी जुन्या आचार्यांची वचनं ऐकवायचा. चोर हात जोडून म्हणायचा, "मायबाप, फटके द्या, पण हे आवरा." बांधाचं भांडण आलं, की कागद बाजूला ठेवून स्वतः शेतात उतरायचा. भेट आलेलं बदक परत करायचा, आणि वर मालकाकडून 'पोचलं' असं लिहून घ्यायचा. त्यामुळे बूट एकच जोड, तोही ठिगळांचा.

आल्या आल्याच त्यांनी त्या पेट्या पाहिल्या.

"चिउ, ही माणसं खरंच रडली होती?"

"मायबाप, मटण फार चांगलं होतं."

दुसऱ्या दिवशी हुकूम लागला. जो कोणी अधिकाऱ्याच्या बुटाला हात लावील, त्याला बांबूचे दहा फटके.

तीन वर्षांनी साहेबांची बदली झाली. सकाळीच त्यांनी शिक्का नायबांच्या हवाली केला आणि वेशीत आले. सगळं गाव जमलं होतं, पण हुकमाप्रमाणे हाताची घडी घालून उभं. साहेबांनी निरोपाचा पेला घेतला. मग दुसरा. मग तिसरा. एरवी दारूला न शिवणारा माणूस! मग वाकून त्यांनी बुटावरची नसलेली धूळ झटकली. आपण लोकांना आवडलो की नाही, हे कळल्याशिवाय त्यांचा पाय निघेना, आणि कळायची वाट तर त्यांनी स्वतःच बंद करून ठेवलेली. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

तेवढ्यात टोफू विकणारी मेंगमावशी पुढे झाली.

"मायबाप, शिक्का तर देऊन टाकलात. मग तो हुकूमही संपला की!"

साहेबांचा चेहरा उजळला. पण विद्वत्ता आडवी आली. "नाही. नवा अधिकारी रद्द करेपर्यंत हुकूम कायम."

"मेला तो हुकूम!" म्हणत मावशीने खाली बसकण मारली आणि त्यांचा डावा बूट ओढला.

"अहो बाई, जमिनीच्या वादात मी तुमच्याविरुद्ध निकाल दिला होता!"

"दिलात. जमीन माझी नव्हतीच. आधीच्याने माझं बदक खाऊन ती माझ्या नावावर केली असती. तुम्ही मात्र बांध बघायला गुडघाभर चिखलात उतरलात." तिने बूट छातीशी धरला आणि नायबांपुढे पालथी पडली. "हं, मारा. मोजून मारा."

मग काय, उजव्या बुटावर सगळं गाव तुटून पडलं. मी सगळ्यांत जवळ होतो.

"चिउ! अरे, तू पहारेकरी ना?"

"होय मायबाप. पाय जरा वर करा."

साहेब फाटक्या मोज्यांवर उभे राहून लहान पोरासारखे रडत होते, आणि नायब त्यांच्याच तालमीतले, त्यांनी कुणालाही एक फटका कमी मारला नाही.

महिन्याने नवे साहेब आले. वेशीत शिरताना त्यांची नजर सातव्या पेटीवर गेली. त्यांनी मला जवळ बोलावलं, डोळा मिचकावला आणि हळूच विचारलं, "काय रे, याने लोकांना काय दिलं होतं?"

"दहा-दहा फटके, मायबाप."