दूधभावाची साक्ष

“मधली पट्टी आखूड पडती का काय गं, तरबा?”

“पडत न्हाई. तुझ्या पोरीला तंबूत संसार करायचा हाय, का उंट कोंडायचं हायती?”

शेख सिदाती हसला आणि तिच्याच हातचा चहा पुन्हा मागून प्याला. लेकीच्या लग्नासाठी त्यानं काळ्या लोकरीचा जुन्या वळणाचा तंबू शिवायला टाकला होता. आठ पट्ट्या झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या.

“उद्याचं ध्यानात हाय न्हवं?” तरबानं सुईत दोरा ओवत विचारलं. “त्या टेबलाला तूच बसनार हायस.”

“मी असताना तुला कसली काळजी? व्हय म्हनायला किती येळ लागतो?”

मी, तिच्या शेजारचा मुलूद, तिथंच उंबऱ्यावर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिला नोंदणीच्या कचेरीवर माझ्याच गाडीतून न्यायची होती.

आमच्या वाळवंटातल्या स्मारा गावात तरबाच्या घराचा पत्ता कुणी विचारत नाही. ज्या दारापुढं खुंट्या ठोकून काळ्या पट्ट्या ताणलेल्या दिसतील, ते तिचं. पंचावन्न वर्षांची बाई, बोटं उंटाच्या टाचेसारखी टणक. आमच्या गावात बकऱ्यांपेक्षा शिपाई जास्त. दुकानं चालतात ती बराकीवर. इथल्या जमिनीतून खणलेली खताची माती यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून समुद्राकडं जाते, समुद्रातली मासळी जहाजात भरून जाते, आणि तीच मासळी डब्यात बसून आमच्याच दुकानात विकायला येते. या सगळ्यात तरबाचा धंदा तेवढा कुणाच्या परवान्यावाचून चालला होता. लोकर, चाती, सुई.

पूर्वेला एक दिवसाच्या वाटेवर लढाईत लष्करानं उभारलेली वाळूची भिंत. भिंतीमागं सुरुंग, त्याच्या पलीकडं निर्वासितांच्या छावण्या, आणि तिथल्या एका छावणीत तरबाची धाकटी बहीण नगिया. लढाई पेटली त्या हिवाळ्यात दोघी दोन गाड्यांत चढल्या. बावीस वर्षं झाली. आता हा मुलूख कुणाचा हे ठरवायला मतदान होणार म्हणून मतदारांच्या याद्या चालल्या होत्या, आणि यादी भिंतीच्या दोन्ही अंगांना लावणार होते. तरबाला मताचं फार काही नव्हतं.

“नाव लागलं म्हंजे नगिया वाचंल,” ती म्हणायची. “मी हाय, एवढं तर कळंल तिला. मेली समजून किती वर्सं दुवा मागत आसंल, काय ठावं.”

अडचण एकच होती. जुन्या शिरगणतीत असलेली नावंच यादीत थेट चढत होती. जुन्या गोऱ्या सरकारनं शिरगणती केली तेव्हा तिच्या बापाला झेम्मूरच्या रानाकडं पावसाचा ढग दिसला. शिरगणतीचे कारकून दोन दिवसांत येणार हे त्याला माहीत होतं. पण ढग काय थांबणारा नव्हता. त्यानं तंबू मोडला, उंट हाकले आणि सहा दिवसांची वाट धरून गवताला जाऊन बसला. उंट माजले, आणि घरातल्या एकाचंही नाव कागदावर चढलं नाही. असल्या माणसांसाठी आता टोळीच्या शेखांची तोंडी साक्ष घेत होते. एक शेख अलीकडचा, एक पलीकडून विमानानं आणलेला.

अलीकडचा शेख म्हणजे सिदाती. त्याची आई बाळंतपणातच गेली. तरबा तेव्हा तीन महिन्यांची होती. तिच्या आईनं एका अंगाला तरबा आणि दुसऱ्या अंगाला सिदाती असं दोन वर्षं पाजलं. आमच्यात दुधाचा भाऊ म्हणजे भाऊच. त्याच्यापुढं ती डोक्यावरचा पदर सावरत नव्हती.

कचेरीत सकाळपासून रांग. आमच्या पुढं सरकारनं मतासाठी उत्तरेतून ट्रकात भरून आणलेला एक माणूस होता, इथं येऊन सात वर्षं सरकारी छावणीत फुकटचं पीठ खाणारा. पणजोबापर्यंतची नावं ओठातल्या ओठात घोकत होता.

“आजा ईसरलास गड्या,” तरबा त्याला म्हणाली. “बापावरनं थेट पणज्यावर उडी मारलीस. आत आसं करू नगंस, हसतील.”

तो ओशाळला आणि पुन्हा पहिल्यापासून घोकायला लागला. आत गेला. दार उघडंच होतं. नोंदणी करणाऱ्या परदेशी बाईनं विचारलं, सिदातीनं जपमाळ ओढत ओढतच मान हलवली. ओळखतो म्हणाला. पलीकडचा शेख नाही नाही म्हणत राहिला, तरी सिदाती हटला नाही.

मग तरबा. तिनं बापाचं नाव सांगितलं, आज्याचं, उंटांवरच्या डागाची खूण, विहीर कुठली तेही सांगितलं. दुभाष्यानं सिदातीला विचारलं.

“मी हिला वळखत न्हाई,” सिदाती म्हणाला. माळ बोटांत थांबली होती.

पलीकडचा शेख, लहबीब, म्हातारा माणूस. तो म्हणाला, “बाप ठावा हाय मला. चांगला मानूस. पन ह्या लेकीला मी कवा बगितली न्हाई. खोटं कसं बोलू?”

तरबाला विचारलं, काही सांगायचं आहे का. मला वाटलं, आता ती दुधाचं सांगणार. ती नुसती सिदातीकडं बघत राहिली आणि उठली. गाडीत बसल्यावर मी तिच्यावर चिडलो.

“आईची छाती त्या परक्या बाप्यांफुडं उघडी करू व्हय?” ती म्हणाली. “त्याला ठावं हाय. मलाबी ठावं हाय. गाडी हाक.”

नाव अमान्य झालं. अपील होतं, पण त्यालाही साक्षीला शेख लागत होता.

तिसऱ्या दिवशी सिदाती आला. दारातूनच बोलायला लागला. “माझ्या पोराला, हमुदीला, दाखला बंदरात होडीचा परवाना मिळनार हाय, तरबा. सरकारनं यादीच धाडली होती, कुनाला व्हय म्हनायचं, कुनाला न्हाई. तुझी भन पलीकडं, म्हून तुझं नाव नकोच्या यादीत. मी काय करनार? अपिलात बगू आपन.”

“बस,” ती म्हणाली.

तो बसला. तिनं आतून उंटिणीच्या दुधाचा वाडगा आणून त्याच्यापुढं ठेवला. सिदातीचा चेहरा सैल झाला. त्यानं वाडगा उचलला.

“पी,” तरबा म्हणाली. “विकतचं हाय.”

वाडगा ओठापर्यंत गेला होता. त्यानं तो खाली ठेवला. दुधावर माशी बसली, ती त्यानं हाकलली नाही. शेवटी उठताना हलक्या आवाजात विचारलं, “आन् तंबू?”

“तंबू तुझा न्हाई, पोरीचा हाय. तिनं माझं काय केलंय? बुधवारी गडी धाड. तू येऊ नगंस.”

तो गेला. त्याच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत तरबानं वाडगा उचलून दूध कुत्र्याला ओतलं, हात पुसले आणि नववी पट्टी खुंटीवर ताणली.

“मुलूद, नुसता बसू नगंस,” ती मला म्हणाली. “ते टोक धर. ढिलं सोडशील तर टाका वाकडा जाईल.”

मी टोक धरलं. ती शिवत राहिली.