गप्प उभं राहण्याचं बळ

आमच्या शाळेतल्या शिंदेबाई मधल्या सुट्टीत एक पुस्तक वाचायच्या. लोकांवर पकड कशी मिळवावी, हे शिकवणारं. मी एकदा चाळलं आणि मला कसंसंच झालं. आपला हेतू लपवा, समोरच्याला अस्वस्थ करा, असलेच सल्ले.

त्याच आठवड्यात आम्हा शिक्षकांच्या बैठकीत बाईंनी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीचा विषय पुन्हा काढला. काही मुलींनी बाईंकडे तक्रार केली होती; त्यापायी त्या शाळेत पाणीच प्यायच्या नाहीत. "बघू पुढच्या महिन्यात," मुख्याध्यापक नेहमीसारखं म्हणाले. एरवी बाई "बरं सर" म्हणून खाली बसल्या असत्या. या वेळी त्या उभ्याच राहिल्या, काही न बोलता, शांतपणे सरांकडे बघत. पंख्याचा तेवढा आवाज येत होता. सरांनी चष्मा पुसला आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे, उद्या सुतार बोलावतो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे पुस्तकातलं?"

"हो," त्या हसल्या. "सरांना हे शिकावं लागत नाही. मला लागलं."

त्यातले काही सल्ले मला आजही खटकतात. पण ज्यांचं म्हणणं कायम पुढे ढकललं जातं, त्यांनी आपलं म्हणणं रेटायला दुसरं कुठे शिकायचं?

कडी बसली तेव्हा मुली बाईंचे आभार मानायला आल्या. केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्या कुणाला देऊ नका, असंही त्या पुस्तकात होतं. बाई मात्र म्हणाल्या, "तुम्ही तक्रार केलीत, म्हणून झालं. पुढेही करत जा."